अठरा दातांची चकती

पहिल्यांदा तो आला तो चेन पडलेली सायकल ढकलत, शर्टाच्या बाह्या काळ्या करून. हैदराबादेत गौलीगुड्याच्या सायकल-दुकानात सरोज एकटीच बसली होती. वडिलांच्या, शंकररावांच्या, डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यापासून चेनच्या चकत्यांचे दात मोजायचं काम तिच्याकडेच आलं होतं.

सायकल जुनी, रेसची. तिला फ्रीव्हील नव्हतं. चाक फिरलं की पायडल फिरणारच, उतारावरसुद्धा पायांना सुट्टी नाही.

"पुढे अठ्ठेचाळीस, मागे सोळा," सरोज म्हणाली. "पायडलाचा एक फेरा, चाकाचे तीन. रेस खेळता?"

"नाही... कचेरीत कारकून आहे. निवृत्ती माझं नाव."

रेस नाही, तर ही सायकल कशाला? सरोजच्या मनात पाल चुकचुकली.

आठवड्यानं स्वारी पुन्हा हजर. मागे अठरा दातांची चकती हवी म्हणे. त्यापुढच्या आठवड्यात तर रेसच्या सायकलला चक्क कॅरियर लावून आला!

"आता... वीस दातांची बसेल?"

"बसेल, हौ. चढाला हलकी जाईल. पण उतारावर पाय असे भिरभिरतील की आवरणार नाहीत. वीस कायकू पाहिजे?"

"ओझं न्यायचंय. नामपल्ली स्टेशनापर्यंत."

"किती वजनाचं?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं – आणि पटकन नजर वळवली. "असेल... तुमच्याएवढं."

अस्सं! म्हणजे बाई आहे तर.

ते छप्पन्न सालचे दिवस. हैदराबाद राज्याची वाटणी तोंडावर आलेली. मराठवाड्याकडच्या नोकरदारांना कागद दिले होते – मुंबई राज्यात जाणार की इथंच राहणार? रोज कुणीतरी बिऱ्हाड बांधत होतं. हाही नांदेडचा. घरी बायको वाट पाहत असणार, आणि हा इथे गोड हसून चकत्या बदलतोय! सरोजला राग आला. राग का आला म्हणून आणखी राग आला.

"वहिनींना नांदेडला कधी नेताय?"

"कोण वहिनी?"

"जिच्यासाठी कॅरियर लावलंत ती."

निवृत्तीनं खिशातून घडी केलेला कागद काढला. "शनिवारपर्यंत द्यायचाय. अजून कोराच आहे."

"मग भरा की!"

"कॅरियरवर बसणारीला विचारल्याशिवाय कसा भरू? दोन आठवडे विचारायला येतोय... तुम्ही नुसते दातच मोजता."

सरोजच्या हातातला पाना खाली पडला. तरी तिचा संशय फिटेना.

"खोटं. पहिल्या दिवशी तर चेन पडली होती."

"ती खरंच पडली होती."

"अजून किती जणींना विचारलंय?"

"कुणाला नाही."

"घरी माहीत आहे?"

"कॅरियर लाव म्हणून आईनंच सांगितलं."

आता मात्र तिला हसू आवरेना. खाली वाकून पाना उचलण्यात तिनं बराच वेळ लावला.

"वीस नक्को," ती म्हणाली. "अठराच राहू द्या. दोघं असलो तरी चढ निघेल... आणि उतारावर मला भीती नाही वाटणार."

निवृत्ती कानापर्यंत लाल झाला.

"आणि त्या कागदावर हैदराबाद लिहा. बाबांना असं सोडून मी कुठेही येणार नाही."

"लिहितो. आत्ता लिहितो."

"आधी बाबांना विचारा. आत आहेत." तो दारापर्यंत पोचला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "आणि... माझा होकार आहे, हेही सांगा."