न लिहिलेली फिर्याद

त्या गुरुवारी यशवंतरावांना फक्त एका कागदावर सही करायची होती.

कासारवाडीत रुळांपलीकडच्या एका बंद पडलेल्या शाळेत चौकशी समितीचं कार्यालय उघडलं होतं. सदतीस वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या मोहरगावचा बौद्धवाडा एका रात्रीत जाळला गेला. सरकारी आकडा होता अठरा मृत, एक बेपत्ता. वाचलेली कुटुंबं पोटासाठी पिंपरी-चाकणच्या कंपन्यांत आली, म्हणून इतक्या वर्षांनी समितीही इथं आली. हल्ला आधी ठरवून झाल्याचा पुरावा नाही म्हणून खटला तेव्हाच ढासळला होता. कारण तालुक्याच्या पोलीस ठाण्यात त्या दिवशीची नोंद होती: "आगाऊ खबर कोणीही दिलेली नाही." ती ओळ यशवंतरावांच्या हातची होती. एकोणतीस वर्षांचे होते ते, ठाण्यात अंमलदार.

सकाळी शिफ्टला निघताना मुलगा विक्की म्हणाला होता, "बाबा, आठवत नाही एवढंच लिहून द्या आणि घरी या. म्हातारपणी पेन्शनला धक्का नको."

"हो रे बाबा. तेच करणार आहे."

समितीचे वकील धम्मरत्न चाळिशीचे, बोलायला मऊ. त्यांनी यशवंतरावांना टेबलाशी बसवलं, कोरे कागद पुढे सरकवले. "काका, मोहरगावच्या कस्तुराबाई येतायत, त्यांना स्टेशनवरून घेऊन येतो. तोवर तुमचा जबाब लिहा. लाइट गेलीय, गुरुवारी इथं दुपारी जातेच. चालेल ना?"

"चालेल की."

वकील गेले. खिडक्यांना पत्रे ठोकलेले होते, त्यामुळे भर दुपारी वर्गात दिवेलागणीसारखं वाटत होतं. मागच्या वर्कशॉपातली धडधडही थांबली होती. खडूच्या धुळीचा वास येत होता. यशवंतरावांनी पेनाचं टोपण काढलं, "मला आठवत नाही" एवढं मनात जुळवलं... आणि त्यांना वास आला. रॉकेलचा.

"साहेब, फिर्याद लिहून घेता का?"

समोरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. केस पांढरे, पदर डोक्यावरून घेतलेला. ती कधी आली ते कळलंच नव्हतं. पाय घोट्यापर्यंत धुळीनं माखले होते.

"मी इथला नाही, बाई. वकीलसाहेब येतील आता."

"लई लांबून चालत आले, साहेब. तुमीच घ्या लिहून."

तीस वर्षांच्या नोकरीची सवय ती. यशवंतरावांनी कागद ओढला. "नाव?"

"अंबुबाई."

"वय?"

"एकसष्ट."

"बोला. काय झालंय?"

"अजून झालं न्हाई," म्हातारी हळूच म्हणाली. "आज रातच्याला आमचा वाडा जाळणार हायेत. पारावर डबे आणून ठेवलेत. म्या माझ्या डोळ्यांनी पाह्यलंय."

यशवंतराव ताठ बसले. कुठली वस्ती म्हणायची ही, चाकणकडची? "गाव कुठलं, बाई?"

"मोहरगाव."

पेन थांबलं.

ही दुपार त्यांनी पाहिली होती. साडेचार वाजले होते. उन्हातून चार कोस चालत आलेली चोवीस वर्षांची एक बाई टेबलापुढे हेच बोलत उभी होती. वरचे साहेब आतूनच म्हणाले होते, लिहू नकोस. आणि यशवंतरावांनी तिला सांगितलं होतं, उद्या ये.

"थांबू नका," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, की कापला नाही. "मागल्या बारीला तुमी थांबला होता."

यशवंतरावांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग त्यांनी लिहायला घेतलं. ती सांगेल ते, ती सांगेल तसं. डबे किती. पारावर कोण बसलं होतं. एकेक करून अकरा नावं. वास इतका दाटला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण हात चालत राहिला.

"शेवटी लिहा... धाकटी भन कस्तुरा घरी एकलीच हाय. तिच्यापायी मला माघारी जावंच लागंल."

"जाऊ नका..." यशवंतरावांच्या तोंडून निघून गेलं. "बाई, तुम्ही जाऊ नका हो..."

म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. "तवा आसं म्हनला न्हाईत."

त्यांनी सही केली. सहीखाली बक्कल नंबर आणि वेळ घातली. मान वर केली तेव्हा पंखा फिरत होता, वर्कशॉप पुन्हा धडधडत होतं आणि बाक रिकामा होता.

कस्तुराबाई आल्या तेव्हा यशवंतरावांनी कागद तसाच त्यांच्या हातात दिला. जे घडलं ते काही न लपवता सांगितलं. धम्मरत्न चमकून म्हणाले, "काका, वय एकसष्ट? अंबुमावशी तर तेव्हा चोवीसच्या होत्या."

कस्तुराबाई एकोणपन्नासच्या. त्यांनी बोटांवर मोजलं. "आज असती तर एकसष्टच..." मग त्या वाचत राहिल्या, आणि शेवटच्या ओळीला मटकन खाली बसल्या.

"ती दुपारपास्नं दिसली नव्हती," त्या म्हणाल्या. "सगळे म्हणाले, अंबू जीव घेऊन पळाली, तुला टाकून. मला शेजारणीनं ज्वारीत लपवलं होतं. म्हणजे ती परत आली होती... मला शोधायला जळत्या घरात शिरली असणार." त्या रडल्या, आणि रडता रडता त्यांचा चेहरा सैल होत गेला.

रविवारी पिंपरीत खुली सुनावणी झाली. हॉल खचाखच भरला होता. यशवंतराव उभे राहिले. "फिर्यादी आली होती. मी तिचं लिहून घेतलं नाही. साहेबांचा हुकूम होता हे खरं, पण मलाही लिहायचं नव्हतं. नोंद खोटी आहे. ती मी केली."

समितीकडे तोवर नऊच नावं होती. यशवंतरावांनी अकरा वाचली. दहाव्या नावाला मागच्या रांगेतून काठी टेकत एक म्हातारा उठला. मोहरगावचा भिवा. "माझंच नाव हाय ते," तो म्हणाला. "डबा म्या उचलला हुता. खोटं न्हाई." आणि उभ्यानंच रडायला लागला.

संध्याकाळी समितीनं यादी दुरुस्त केली. बेपत्ता कोणी नाही, मृत एकोणीस. अंबुबाईचं नाव सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं गेलं.

यशवंतराव पाया पडायला वाकले तशा कस्तुराबाई मागे सरल्या. "पाया पडू नका. माफ केलं असं मी म्हणणार नाही. पण बहीण मला टाकून गेली नव्हती, एवढं कळलं. लई हलकं वाटतंय." आणि त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

पेन्शनची चौकशी लागली ती लागलीच. विक्की दोन दिवस आपलं ताट वेगळं घेऊन बसला. तिसऱ्या दिवशी स्वतःच चहा घेऊन शेजारी बसला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा यशवंतरावांना सलग झोप लागली. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे जबाब लिहून द्यायला ते दर गुरुवारी शाळेत जाऊ लागले. घरी परतताना एक निवांत गुणगुण त्यांच्या तोंडी येऊ लागली.

एप्रिलातल्या अशाच एका दुपारी बाहेर ऊन रणरणत होतं. धम्मरत्न जेवायला गेले होते. समोर एक माणूस येऊन बसला. अंगावरचे कपडे चिंब भिजलेले. बाकाखाली पाण्याचं थारोळं साचत होतं. नदीच्या गाळाचा वास येत होता.

यशवंतरावांनी अंगावर आलेला काटा जिरू दिला आणि कागद पुढे घेतला. नाव लिहिलं, गाव लिहिलं. गाव मावळातलं होतं, तासाभराच्या वाटेवरचं.

"किती माणसं गेली?"

"एक्केचाळीस."

"तारीख?"

माणसानं तारीख सांगितली. यशवंतरावांनी ती लिहिली, मग मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

त्या तारखेला अजून एकोणीस दिवस होते.