हरणीचं वय विचारू नका

पाय दाबला की गाडी पळाली पाहिजे, एवढी साधी गोष्ट. पण दिवाळीपासून हरणी काही ऐकायला तयार नव्हती. आईने ॲक्सिलरेटर दाबला, की हरणी आधी नुसती घुरघुरायची, मग अंगात आळस असल्यासारखी थोडी रेंगाळायची आणि मग कुठे निघायची. पसरणीच्या घाटात तर मागच्या गाड्या हॉर्न वाजवून नको नको करून सोडायच्या. पाय दाबल्यावर मधला तो वेळ जातो कुठे, हे कोडं गिरिजाला सुटत नव्हतं.

हरणी म्हणजे तिच्या आईची, सुनंदाची, पिकअप. घाटावरची स्ट्रॉबेरी खाली वाईला आणायची, खत आणि रिकामे क्रेट वर न्यायचे, यावर मायलेकींचं घर चालायचं. रस्त्यावर आता जिकडेतिकडे विजेच्या गाड्या झाल्या होत्या. हरणी मात्र अजून इथेनॉलवर (उसापासून बनवलेल्या इंधनावर) धावायची. तिला कुणी म्हातारी म्हटलेलं गिरिजाला मुळीच खपत नसे.

आणि आज वाहन तपासणी केंद्रातल्या यंत्रमानवाने नेमकं तेच म्हटलं. त्याचं नाव पारखी.

“निकाल, भंगार,” पारखी म्हणाला. “कारण, वय. संध्याकाळी क्रेन येऊन गाडी नेईल.”

सुनंदाने किल्ली मुठीत घट्ट धरली. गिरिजा मात्र हरणीच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली.

“वय हे कारण कसं?”

“बिघाडाचा दिवा लागलेला नाही. म्हणजे बिघाड नाही. तरी गाडी मंद आहे. म्हणजे वय.”

“दिवा लागला नाही म्हणजे तुम्हाला कळलं नाही, एवढंच,” गिरिजा म्हणाली.

“गिरिजे, मोठ्यांशी असं बोलू नये,” सुनंदा सवयीने म्हणाली.

“मी मोठा नाही. मला बनवून तीन वर्षं झाली,” पारखी म्हणाला. “तिचं म्हणणं तर्काला धरून आहे. मालकाने हरकत घेतली तर मी पुन्हा तपासू शकतो.”

“घेतली हरकत,” सुनंदा म्हणाली. तिचा आवाज आता चांगलाच धारदार झाला होता.

पारखीने बॉनेट उघडलं आणि हरणीला आपल्या पडद्याशी जोडलं. “आता नीट ऐक,” तो गिरिजाला म्हणाला. “ॲक्सिलरेटर दाबला की इंधन वाढतं असं सगळ्यांना वाटतं. या गाडीत आधी हवा वाढते. पायाचा निरोप संवेदक (बदल ओळखून कळवणारा भाग) गाडीच्या संगणकाला देतो. संगणक थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) उघडतो. किती हवा आली ते दुसरा संवेदक मोजतो, आणि तेवढ्या हवेला पुरेल इतकंच इंधन मिळतं.”

“म्हणजे हवा कमी आली, तर इंधनही कमी?”

“बरोबर. हवेशिवाय इंधन जळत नाही.”

“मग निरोप कुठे अडतोय ते एकेक करून बघू या. आई, पाय दाब.”

सुनंदाने पाय दाबला. पडद्यावर पायाची रेघ टुणकन वर गेली. पाठोपाठ झडपेची रेघही गेली. हवेची रेघ मात्र रांगत रांगत अर्ध्यावर पोचली आणि तिथेच बसली.

गिरिजा पडद्याला नाक लावून बघत राहिली. “पाय ठीक, संगणक ठीक, झडपही उघडतेय. मग हवा झडपेपर्यंत पोचायच्या आधीच अडतेय. हरणीचं नाक चोंदलंय.”

हरणीचं नाक पुढच्या जाळीच्या मागे होतं. तिथून एक नळी एअर फिल्टरच्या (हवेतली धूळ गाळणाऱ्या कागदी गाळणीच्या) डब्यात जायची. गिरिजाने डब्याच्या कड्या उघडल्या, झाकण उचललं, आणि मायलेकी एकमेकींकडे बघतच राहिल्या. गाळणीवर वाळक्या झेंडूच्या पाकळ्यांचा जाड थर बसला होता.

“हे काय आहे?” पारखीने विचारलं. “माझ्या माहितीत असा बिघाड नाही.”

“कसा असेल? तुला कुणी कधी हार घातलाय का?” सुनंदा म्हणाली आणि तिला हसू आवरेना. खंडेनवमीला मायलेकी हरणीची पूजा करायच्या आणि जाळीला झेंडूचा हार बांधायच्या. तो हाताने काढायचा नाही, आपोआप गळू द्यायचा, असा त्यांच्या घरचा नेम. यंदा हार चांगला लांबलचक होता, आणि त्याचं टोक थेट नळीच्या तोंडाशी आलं होतं. पाकळ्या वाळल्या, आणि हरणीने प्रत्येक श्वासाबरोबर त्या आत ओढल्या.

नळी झाडून झाली. केंद्रातली नवी गाळणी बसवली. सुनंदाने पाय दाबला, तशा तिन्ही रेघा एकदमच वर गेल्या, आणि पारखीने ‘भंगार’ हा निकाल खोडला. हरणी जागच्या जागी अशी गरजली, की फाटकाशी आलेला क्रेनवाला खाली न उतरताच परत वळला.

“पुढच्या वेळी हार बॉनेटवर घालायचा,” सुनंदा म्हणाली. “पूजाही होईल आणि श्वासही घेता येईल.”

“आणि एक पारखीला,” गिरिजा म्हणाली. “फक्त त्याला हवा कुठून लागते, ते आधी बघू.”

हरणी फाटकाबाहेर पडत होती, तेव्हा एक जुनी जीप आत आली. तिचा चालक खाली उतरला आणि मान खाली घालून म्हणाला, “फार जुनी आहे हो.”

“वय नको,” पारखी म्हणाला. “दुखतंय कुठे, ते सांगा.”