गाडीतून आलेली हाक

ऑबेड भाषणाला उभा राहिला की मी पहिल्या बाकावर बसायचे. तो माझा नवरा. केंटकीतल्या तंबाखूच्या मळ्यातून पळून आलेला गुलाम. गुलामी मोडावी म्हणून तो गावोगाव बोलत फिरायचा. त्या सप्टेंबरात आम्ही ओहायोतल्या एका सभागृहात होतो, गुलामीविरोधी क्वेकर पंथाच्या लोकांच्या. पळून आलेल्यांना पकडून परत न्यायचा कायदा नवाच होता, आणि पुढच्या दाराशी असे पकडणारे दोघेजण घोडे बांधून उभे होते.

"ऑबेडभाऊ, आज थोडक्यात आटपा," सभा भरवणाऱ्या टॅबिथाबाई म्हणाल्या.

"मला थोडक्यात बोलता येत असतं, तर मालकाने एवढे फटके कशाला दिले असते?" तो हसला.

सभागृह गच्च भरलेलं. उकाडा, घामट लोकरीचा वास. बोलता बोलता तो आईवर आला. तो लहान असताना तिला दक्षिणेत विकलं. गाडीतून ती काहीतरी ओरडली, पण चाकांच्या खडखडाटात त्याला कळलं नाही. दर भाषणात तो इथे थांबायचा. लोकांना वाटे, दाटून आलंय. तो कान देत असे.

त्या दुपारी मागच्या दाराबाहेर चाकं करकरली. मग एका बाईने हाक मारली.

सगळं सभागृह वळलं.

टॅबिथाबाई अर्धवट उठल्या. "आई?" त्या पुटपुटल्या. त्यांची आई केव्हाच वारली होती.

"थर्झा," ऑबेड मला म्हणाला, "आत्ता नीट ऐकू आलं."

"काय म्हणाली?"

तो मागच्या दाराने बाहेर पडला. मी धावले.

बाहेर नांगरलेलं शेत. ओली माती. तिच्यावर ना चाकोरी, ना पाऊल.

पकडणारे अंधार पडेपर्यंत ताटकळले. म्हणजे तो त्यांना सापडला नव्हता. पळालेले गुलाम कॅनडात जात, पण तिथल्या आमच्या माणसांनाही तो दिसला नाही. युद्ध झालं, गुलामी गेली. त्याच्या सदऱ्यांना मी अजून ऊन दाखवते.

लोक विचारतात, तुला काय ऐकू आलं?

मला आई आठवत नाही. अंगावर पीत होते तेव्हाच मला विकलं. थर्झा हे नाव मालकिणीने ठेवलेलं. त्या हाकेत दुसरंच नाव होतं, आणि मी वळले होते.

अलीकडे दुपारी परसदारी ते नाव ऐकू येतं.

मी अजून ओ दिलेली नाही.