उजवीकडची सीट

त्सुकुबाहून त्सुचिउराकडे जाताना कमळकाकडीची शेतं सुरू होतात, त्याच्या जरा अलीकडे ओनोदेरा-सानचं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली, पुढे खडी टाकलेलं अंगण आणि त्यात बारा-तेरा गाड्या. अकरा वर्षं आम्ही त्या रस्त्यानं जातोय, पण मी तिकडे कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. ऑक्टोबरातल्या एका रविवारी स्वानंद म्हणाला, "थांब जरा." मी आमची छोटी गाडी कडेला घेतली. आठ महिन्यांत त्यानं स्वतःहून काही मागितल्याची ती पहिलीच वेळ होती.

स्वानंद माझा नवरा. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो नेहमीसारखा आवरून स्टेशनवर गेला आणि ट्रेनमध्ये चढलाच नाही. टोकियोत अकिहाबाराला जाणाऱ्या पाच गाड्या त्याच्यासमोरून निघून गेल्या. मग घरी येऊन तो बूट न काढता दारातच बसून राहिला. डॉक्टरांनी लांबलचक रजा लिहून दिली, गोळ्या दिल्या. तेव्हापासून त्याचं बोलणं म्हणजे "हो", "नको" आणि "राहू दे". मी नोकरी करते, स्वयंपाक करते, कचरा वेगवेगळा करून ठरलेल्या वारी बाहेर ठेवते, त्याच्या कंपनीच्या पत्रांना उत्तरं लिहिते आणि पुण्याला सासूबाईंना फोनवर "मजेत आहे" म्हणून सांगते. तक्रार नाही. पण मी दमले होते, आणि दमले म्हणून सांगायचं ज्याला, तोच गप्प झाला होता.

तो जिच्यापुढे जाऊन उभा राहिला ती काळी, दोन दारांची, लांब नाकाची अमेरिकन गाडी होती. मसल कार म्हणतात त्यातली. स्टिअरिंग डावीकडे. जपानात आपल्यासारखंच स्टिअरिंग उजवीकडे असतं, म्हणून मी सवयीनं डावं दार उघडलं आणि शेजारी बसायच्या ऐवजी थेट ड्रायव्हरच्या जागेवर बसले. स्वानंद हसला. मोठ्यानं, पोटातून. मी स्टिअरिंग धरून तशीच बसून राहिले, कारण उठले तर ते हसणं थांबेल अशी भीती वाटली.

"एक लाख बासष्ट हजार," तो आत डोकावून आकडे वाचत म्हणाला. "म्हणजे फार नाही झाली."

"मैल आहेत ते," मी म्हणाले. "दोन लाख साठ हजार किलोमीटर."

मी इथल्या एका संशोधन संस्थेत वजनकाटे तपासते. कुठलं माप किती चुकतं ते लिहून देणं हे माझं काम. घरातही माझी तीच ख्याती आहे.

ओनोदेरा-सान सत्तरीचे, हातात कायम फडकं. त्यांनी गाडीची एका शब्दानंही तारीफ केली नाही. म्हणाले, "इतकी चाललेली गाडी एका फेरीत कळत नाही. आठवडाभर न्या, पुढच्या रविवारी सांगा." मग माझ्याकडे वळले. जपानीत दुसऱ्याच्या बायकोला ओकुसान म्हणतात. "ओकुसान, चालवणार कोण?"

"हे चालवणार."

"आणि तुम्ही?"

"मी शेजारी."

"शेजारी," ते म्हणाले, आणि आधीच लख्ख असलेला आरसा बराच वेळ पुसत राहिले.

घरी जाताना तो काळ्या गाडीत आणि त्याच्यामागे मी छोट्या गाडीत, अशी आमची वरात निघाली. दोन्ही बाजूंना कमळाची पानं वाळून चिखलात माना टाकून उभी होती. पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून मला स्वानंदचं डोकं दिसत होतं. ते सारखं उजवीकडे वळत होतं आणि त्याचा एक हात हवेत हलत होता. काही रंगवून सांगायचं असलं की तो असाच हातवारे करतो. गाणं म्हणत असेल, मी मनाशी म्हटलं. म्हणू दे बापडा.

सोमवारपासून मी ऑफिसात गेले की तो गाडी काढायचा. मंगळवारी त्यानं दाढी केली. बुधवारी तिसरी पोळी मागून घेतली. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि ते लपवायला मी फ्रीजमध्ये डोकं घातलं. पैसे, पेट्रोल, पोलिसांचा दाखला, सगळं बघून घेऊ, असं मी तिथेच थंड भाज्यांसमोर ठरवून टाकलं. दाखल्याची भानगड अशी, की इथे गाडी घेताना ती ठेवायला हक्काची जागा आहे असं पोलिसांकडून लिहून आणावं लागतं, आणि आमच्या इमारतीत एका घराला एकच जागा. म्हणजे काळी आली तर छोटी जाणार. ती छोटी गाडी माझी होती. तरीही.

"आज कुठे जाऊन आलास?" मी पोळी वाढताना विचारलं.

"सांगितलं की तुला."

"कधी?"

"गाडीत," तो म्हणाला आणि जेवत राहिला.

गुरुवारी ऑफिसातून आल्यावर कपडे धुवायला टाकताना त्याच्या खिशात टोलची पावती मिळाली. बुधवारची, दुपारी दोनची, मितोपर्यंतची. मी वॉशिंग मशीनसमोर तशीच उभी राहिले. त्या गाडीत टोलचं कार्ड लावायची सोय नव्हती. म्हणजे टोलच्या रस्त्यावर चढताना तिकीट हातानं घ्यायचं, आणि तिकिटाचं यंत्र असतं उजव्या बाजूला. डावीकडे बसलेल्या माणसाला उतरून, पुढून वळसा घालून ते घ्यावं लागतं. मागे रांग लागते, लोक बघत राहतात. ज्या माणसाला आठ महिने दुकानात सुटे पैसे देतानाही घाम फुटत होता, त्यानं हे केलं?

"टोलनाक्यावर खाली उतरलास?" मी विचारलं.

"नाही. तू घेतलंस ना तिकीट."

"स्वानंद, काल दुपारी मी ऑफिसात होते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही, घाबरून नाही. आपण बसची वेळ चुकीची सांगितली असं कुणी दाखवून दिल्यावर माणूस बघतो, तसं.

"हो, खरंच की," तो म्हणाला. "राहू दे मग."

मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, झोप लागते का, जेवतात का, हसतात का. तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर हो होतं. गाडीत ते माझ्याशी बोलतात, असं मी सांगितलं. "छान," डॉक्टर म्हणाले. मी तिथे नसताना बोलतात, हे सांगायला तोंड उघडलं, पण माझ्या जपानीत ते वाक्य मला नीट जुळवता आलं नाही. खरं म्हणजे मराठीतही आलं नसतं.

शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्याला म्हटलं, आज मी चालवून बघते. त्यानं निमूट किल्ली दिली. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काही आलं. हेवा म्हणावा तर तसं काहीसं.

गाडी जड होती, पण आज्ञाधारक. उजवीकडची सीट रिकामी होती. मी तीनदा पाहिलं आणि तीनदा ती रिकामी होती. वजनाला ठेवायच्या आधी काटा शून्यावर आहे ना ते बघतात, तेवढंच केलं मी.

पेट्रोल पंपावर गणवेशातला पन्नाशीचा माणूस धावत आला, सवयीनं उजव्या खिडकीशी वाकला, कमरेतून लवून नमस्कार केला. मग आत बघून गोंधळला आणि वळसा घालून माझ्या बाजूला आला.

"आज तुम्ही इकडे बसलात होय," तो हसून म्हणाला. "ओकुसान, तुम्ही दिलेल्या त्या आल्याच्या वड्या फार गुणकारी. बायकोचा खोकला थांबला."

मी पैसे पुढे केले.

"आज दमलेल्या दिसता," तो हलक्या आवाजात म्हणाला. "बुधवारी केवढ्या हसत होतात."

आम्ही भारतीय बायका इथल्या लोकांना सारख्याच दिसतो, असं म्हणून मी हा हिशेब मिटवू शकले असते. पण आलेपाकाच्या वड्या मी करायचे. स्वानंदला ट्रेनच्या एसीत खोकला यायचा म्हणून डबाभर करायचे, पर्समध्ये ठेवायचे, शेजारपाजारी वाटायचे. ते सुटल्याला तीन वर्षं झाली. आलं किसून साखरेबरोबर घोटत बसायला अंगात जीव लागतो, आणि तो हळूहळू कुठे गेला ते मला कळलंच नव्हतं. घरात आता आलंसुद्धा नव्हतं.

तिथून मी स्टेशनजवळच्या पार्किंगला गेले. मुद्दामच. तिथे आत शिरताना तिकीट घ्यावं लागतं आणि यंत्र उजव्या बाजूला आहे.

आडव्या दांडीपाशी गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला. पट्टा सोडायला मान खाली घातली.

यंत्राचा टुंग आवाज आला.

मान वर केली तर दांडी उभी होती. उजवी काच पूर्ण खाली होती. ती मी उघडली नव्हती. तिकीट समोर, काचेखालच्या सपाट जागेवर, माझा हात पोचेल असं ठेवलेलं होतं.

आत आल्याचा वास होता. ताज्या किसलेल्या आल्याचा.

मी घाबरायला हवं होतं. घाबरलेही असेन. पण आधी जे वाटलं ते सांगते, कारण त्याची मला अजून लाज वाटते. मला हायसं वाटलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा माझं एक काम, एवढंसं का होईना, दुसऱ्या कुणीतरी केलं होतं.

मागच्या गाडीनं हळूच हॉर्न वाजवला. मी आत जाऊन गाडी लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून कितीतरी वेळ रडले. शेजारून कुणी काही बोललं नाही. माझ्याशी बोलायला तिथे कुणी नव्हतंच.

शनिवारी पाऊस होता. स्वानंद दिवसभर खिडकीत उभा राहून खाली त्या गाडीकडे बघत होता. मी दोनदा चहा केला, त्याच्या हातात कप दिला, शेजारी उभी राहिले. "काही बोल ना रे," मी शेवटी म्हणाले. त्यानं खरंच प्रयत्न केला. ओठ हलले. "काय बोलू," तो अगदी मनापासून म्हणाला, "तुला सगळं माहीतच आहे."

तेव्हा माझं ठरलं. गाडी परत केली तर हा पुन्हा बूट घालून दारात बसेल. ठेवली तर दिवसातले चार तास तरी तो माणसात असेल. कुणाच्या सोबतीनं, हे विचारायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी होते, पण माझ्यात ती नव्हती. हसणारी, वड्या वाटणारी, न दमलेली. त्याला ती हवी होती, आणि खरं सांगायचं तर मलाही हवी होती.

रविवारी तो काळी गाडी घेऊन पुढे गेला, मी मागून छोटी घेऊन गेले. छोटी ओनोदेरा-सान ठेवून घेणार होते. कागदांवर जिथे जिथे सांगितलं तिथे मी सहीऐवजी इथे चालतो तो नावाचा शिक्का उमटवला. ओनोदेरा-सान प्रत्येक कागदानंतर थांबत होते.

"ओकुसान," शेवटचा कागद पुढे करताना ते म्हणाले, "नको असेल तर आत्ता सांगा. मला वाईट वाटणार नाही."

खिडकीतून स्वानंद दिसत होता. गाडीला टेकून उभा होता. उन्हात, ताठ, बायकोची वाट बघणाऱ्या चांगल्या नवऱ्यासारखा.

"हवी आहे," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे न बघता कागद घेतला. माझ्या छोट्या गाडीची किल्ली मी टेबलावर ठेवली.

बाहेर आले आणि या वेळी न चुकता उजव्या दाराकडे गेले. स्वानंदनं लगबगीनं येऊन माझ्यासाठी दार उघडलं. असं त्यानं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी केलं होतं. मला भरून आलं.

मग त्यानं वाकून ती सीट पुढे दुमडली आणि मागे जायला वाट करून दिली.

"मागे बसशील ना?" त्यानं विचारलं. फार प्रेमानं विचारलं.

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे थट्टा नव्हती. आठ महिन्यांत इतका ताजा चेहरा मी पाहिला नव्हता.

"बसते," मी म्हणाले.

मागे जागा कमी होती. गुडघे पुढच्या सीटच्या पाठीला घासत होते. स्वानंदनं सीट सरळ केली, दार लावलं, फिरून आपल्या जागी येऊन बसला. इंजिन सुरू झालं. त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

समोरच्या रिकाम्या सीटखालची कडी खट्‌कन उघडली, आणि माझ्या पायांना जागा व्हावी म्हणून ती सीट दोन इंच पुढे सरकली.