रोबोच्या कपाळावरची हळद

"हा तो नाही," अवधूत मठपती म्हणाले आणि त्यांनी भिंग खाली ठेवलं.

टेबलावर वीतभर उंचीचा लाल-निळा रोबो उभा होता. आरोहीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीशी उभ्या असलेल्या भावाकडे. पृथ्वीराज फोन चाळत होता.

"म्हणजे नक्कल?"

"चांगली नक्कल. पण अलीकडची."

मठपतींचं इथल्याच नवी पेठेत चष्म्याचं दुकान होतं. बारीक स्क्रू आणि नाजूक सांधे हाताळता हाताळता त्यांना जुनी खेळणी पारखायचा नाद लागला होता. संग्राहक काही विकत घेण्याआधी त्यांचं मत मागत.

होटगीकरांच्या घरी ते आज पहिल्यांदाच आले होते. आरोही-पृथ्वीराजचे अप्पा यज्ञेश्वर होटगीकर, एसटीच्या वर्कशॉपमधले निवृत्त फोरमन, महिन्यापूर्वी गेले. घर आवरायला घेतलेल्या आरोहीला वाटलं, अप्पांचा आवडता रोबो भंगारात जाण्यापेक्षा जपणाऱ्या कुणाकडे जावा. तिने एका संग्राहकाला फोटो पाठवला. त्याने शंका घेतली, म्हणून मठपती.

"कशावरून म्हणता?" तिने विचारलं.

"हातात घ्या. या जातीच्या जुन्या रोबोची छाती ओतीव धातूची असते, गार लागते. ही प्लास्टिकची आहे, वर नुसता चंदेरी मुलामा. जुन्या चाकांचं रबर वाळून चिरतं. यांना एक चीर नाही. पिवळेपणाही उन्हाचा नाही, चहाच्या पाण्याचा आहे. वास घ्या."

आरोहीने वास घेतला नाही. "मी म्हटलं नव्हतं, दादा? सारजाबाईच."

"जाऊ दे ना, आरू," पृथ्वीराज म्हणाला. "मी आधीच सांगत होतो, पारख-बिरख कशाला? अप्पांची आठवण म्हणून राहू द्यायचा."

"सारजाबाई कोण?" मठपतींनी विचारलं.

"अप्पांचं सगळं करायची. गेली तीन वर्षं. त्या संग्राहकाचा निरोप आला तेव्हा मी तिला विचारलं."

"घरात?"

आरोही म्हणाली, "जिन्यात. ती निघाली होती."

"कुणी ऐकलं?"

"वरच्या बाई दारात होत्या. खालच्याही." तिने नजर वळवली. "दोघींनीही तिचं काम बंद केलं."

मठपतींनी रोबो उचलून पुन्हा भिंगाखाली धरला. कपाळावर हळदीचं बोट उठलं होतं, मधोमध कुंकवाचा ठिपका.

"हे काय?"

"अप्पा खंडेनवमीला त्याची पूजा करायचे," आरोही म्हणाली. "आम्ही हसायचो."

"टिळा कुठे लावायचे?"

"मला माहीत नाही. लग्नानंतर दसऱ्याला मी इथे कधी आलेच नाही."

"तुम्ही, पृथ्वीराज?"

"कुठे म्हणजे? कपाळावरच. मी पाहिलंय की. पाटावर उभा करायचे आणि टिळा लावायचे."

"स्वतः पाहिलंत?"

"हो. पुण्याहून यायचो ना मी."

मठपतींनी मान हलवली. "अप्पा दवाखान्यात असताना घरी कोण होतं?"

"कुणी नाही. मी त्यांच्याजवळ असायचे," आरोही म्हणाली. "दादा डबा न्यायला यायचा. एक किल्ली सारजाबाईकडे होती, एक त्याच्याकडे."

"आणि शोकेसची?"

"ती शोकेसवरच असते."

"पूजेचा एखादा फोटो असेल?"

आरोहीने अप्पांबरोबरचं चॅट उघडलं. दर खंडेनवमीला त्यांनी काहीतरी पाठवलं होतं. खाली तिने उत्तरादाखल टाकलेला अंगठा होता. वर धुरकट चौकोन होता, त्यावर डाउनलोडचा बाण. तिने बाणावर बोट ठेवलं. फोटो आता मिळणार नाही, पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवा, अशी ओळ आली.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग उठून अप्पांचा फोन घेऊन आली आणि चार्जिंगला लावला.

गेल्या खंडेनवमीचा फोटो सापडला. अंगणात धुतलेली स्कूटर. तिच्यापुढे पाट, पाटावर पान्ह्यांची पेटी, आईचं शिलाई मशीन आणि एक छोटा लाल-निळा ट्रक. ट्रकच्या बॉनेटवर हळदीकुंकू, वर झेंडूचं फूल. शेजारी तबक धरून उभी असलेली सारजाबाई.

"रोबो कुठे आहे?" आरोहीने विचारलं.

"हा ट्रक म्हणजेच तो."

मठपतींनी टेबलावरचा रोबो हातात घेतला. पाय मागे दुमडले, हात आत सरकवले, छाती फिरवली. सांधे नवे, घट्ट. प्रत्येक घडीला कचकच आवाज येत होता. शेवटी डोकं मानेसकट आत गेलं आणि टेबलावर ट्रक उभा राहिला. बॉनेट कोरं होतं.

"आता टिळा दाखवा," ते म्हणाले.

कपाळ आत होतं. दिसत नव्हतं.

"तुमचे वडील वर्कशॉपचे. तिथे खंडेनवमीला हत्यारांची आणि गाड्यांची पूजा होते. घरीही त्यांनी तेच केलं. माणसासारखा उभा असलेला रोबो त्यांनी पाटावर ठेवलाच नाही, गाडी करून ठेवला. म्हणून खऱ्या रोबोवर हळद असेल ती बॉनेटवर. रोबो उभा केला की तो भाग पाठीमागे जातो, शोकेसच्या काचेतून दिसत नाही."

पृथ्वीराजने फोन खिशात ठेवला.

"ज्याने नक्कल ठेवली त्याला एवढंच माहीत होतं, की याची पूजा होते. पूजा कशी होते ते त्याने पाहिलं नव्हतं. टिळा म्हटल्यावर आपला हात कपाळाकडे जातो, तसा त्याचाही गेला. सारजाबाई तर तबक धरून उभ्या आहेत. त्यांनी खोटा टिळा लावला असता तर बॉनेटवर लावला असता."

"मग राहिलो आम्ही दोघं," आरोही हळूच म्हणाली.

"तुमच्यावर माझा संशय होता. तुम्हीही दसऱ्याला इथे नव्हता. पण नक्कल ठेवणारा माणूस पारखायला मला बोलावणार नाही. आणि तुम्ही माहीत नाही म्हणालात." ते वळले. "पृथ्वीराज, तुम्ही न पाहिलेली पूजा पाहिली म्हणालात. ती या नकलेशी बरोबर जुळणारी होती."

पृथ्वीराज खिडकीपासून टेबलाशी आला.

"तो माझाच होता," पृथ्वीराज म्हणाला. "काकांनी मस्कतहून माझ्यासाठी आणला होता."

"मग मागायचा होतास," आरोही म्हणाली.

"मागितला असता तर का विकतोय ते सांगावं लागलं असतं. धंदा बसला हे अप्पांना माहीत नव्हतं. दर फोनवर मी सगळं झकास चाललंय म्हणायचो. ते दवाखान्यात होते, शुद्धीवर होते. रोज ठरवून जायचो, आज सांगू. डबा ठेवायचो आणि निघायचो."

"आणि हळद देवघरातली?"

"हो."

"मी तिला जिन्यात बोलले तेव्हा तू माझ्या मागे उभा होतास, दादा."

आरोहीला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण चॅटमधले अंगठे तिचे होते आणि जिन्यातला आवाजही तिचाच होता. पुरावा मागायचं तेव्हा तिला सुचलं नव्हतं. सारजाबाईचं नाव मात्र लगेच सुचलं होतं.

मठपतींनी भिंग खिशात ठेवलं. "बॉनेटवर हळद असलेला रोबो विकल्यावर पुढे कुणाकडे गेला, त्याचा शोध मी घेतो. ते माझं काम. दुसरं तुमचं."

सारजाबाई गावाच्या कडेला शेळगीत राहायची. दारात बसून ती मेथी निवडत होती. दोघांना बघून उठली नाही.

आरोहीने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "माझं चुकलं. मला माफ करा."

सारजाबाईने काड्या बाजूला सारल्या. "आप्पांच्या तोंडात शेवटचं पानी म्या घातलं, ताई. तुमी दोगं औषिदाला गेला व्हता."

"माहीत आहे."

"मग हितं माफी मागून काय करू? हितं मला कुनी चोर म्हनत न्हाय." ती उभी राहिली आणि पदर खोचला. "तुमी जिन्यात बोलला व्हता. तितं चला की."

"आत्ता?"

"व्हय. दुपारच्याला समद्या घरात असत्यात."

जिन्यापाशी आरोही थांबली. "दादा, तू पुढे."

त्याने वरच्या मजल्याची बेल दाबली. दार उघडलं. बाईंनी आधी त्याला पाहिलं, मग मागच्या पायरीवरच्या सारजाबाईला, आणि दार अर्धं लोटून घेतलं.

"काकू, आमचा रोबो..." पृथ्वीराज पुटपुटला. "तो मी नेला होता."

खालच्या मजल्याचं दारही उघडल्याचा आवाज आला. सारजाबाई कठड्याला धरून उभी होती.

"मोठ्यानं सांगा की," ती म्हणाली. "खालच्या बाईस्नी बी ऐकू जाऊ द्या."