अठ्ठावीसचा कार्बोरेटर

बुलेटच्या सिलिंडरला हवा किती लागते, हा माझ्या मते जगातला सगळ्यांत सुंदर प्रश्न आहे. हे मी एकदा जेवणाच्या सुट्टीत बोलून गेले आणि तेव्हापासून कारखान्यात मला लग्नाचं कोणी विचारत नाही. मी मेघा. वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. दिवसभर मापाचा व्हर्नियर घेऊन लोकांच्या चुका शोधते. जे मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास नाही. निदान जानेवारीपर्यंत तरी नव्हता.

छावणीच्या बाजारात कडूबाकाकांचं गॅरेज आहे; सुट्टीच्या दिवशी मी तिथंच पडीक असते. खाली दुकान, वर घर, मध्ये चौदा पायऱ्यांचा लोखंडी जिना. काकांना सहा वर्षांपासून दमा होता. सातव्या पायरीवर ते बसत, खिशातला पंप ओढत, मग पुढचं चढत. लक्ष्मीकाकू वरून म्हणत, "आला का तुमचा स्टॉप?" काका हात हलवत. बोलायला दम कुठून आणणार?

दम गेला तेव्हाच त्यांनी आपली चौऱ्याऐंशीची बुलेट गोणपाटाखाली झाकली होती. दिवाळीनंतर ती त्यांनी मला दिली. अट एकच.

"शोभंला ठिवायची नाय. घाट चढून वेरूळला न्यायची. मला आता जमत नाय."

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी जुन्या गाड्यावाल्यांची वेरूळपर्यंत फेरी निघते. मी त्यात नाव घातलं आणि हवेच्या मागे लागले. मूळचा चोवीस मिलिमीटर तोंडाचा कार्बोरेटर ठेवायचा की अठ्ठावीसचा घालायचा? त्याच्या तोंडाला फिल्टर लावायचा की ॲल्युमिनियमचा उघडा भोंगा? बाकीच्या बायका साड्यांच्या दुकानात जितका वेळ घालवतात त्याच्या दुप्पट मी या चार वस्तूंवर घालवला आणि मला फार मजा आली.

जानेवारीच्या पहिल्याच रविवारी माझ्याकडून चूक झाली. काकांच्या गॅरेजात शिस्त आहे की किक मारायच्या आधी मोठ्यानं "किक!" म्हणायचं, म्हणजे दुसरा हात काढून घेतो. त्या दिवशी काका इंजिनाचा व्हॉल्व्ह नीट मिटतो का ते बघत होते. त्यासाठी ते मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाकडे हवा नेणाऱ्या बोटभर नळीला, सरळ तोंड लावून फुंकायचे. "मशीनचा वारा आंधळा असतो. तोंडानं फुंकलं की व्हॉल्व्ह कुठं गळायलाय ते कळतं." माझं लक्ष व्हर्नियरवर होतं. मी न ओरडता किक दाबली.

घशाखाली मोठा घोट जावा तसा आवाज झाला. काका मागे स्टुलावर आदळले, छातीवर हात, डोळे मोठे. मी पाण्याची बाटली घेऊन धावले. मिनिटभरानं ते हसले.

"च्यायला, माझाच श्वास वढून घेतला की हिनं."

आवाजानं खाली आलेल्या काकूंसकट आम्ही तिघंही हसलो. काकूंनी चहा टाकला.

त्यानंतर मी जुना चोवीसचा कार्बोरेटर बसवला आणि त्याच्या तोंडासमोर टिश्यूपेपरची पट्टी टांगली. इंजिन किती हवा ओढतं ते पट्टीच्या झुकण्यावरून दिसतं. माझी देशी पद्धत आहे, पण चालते. इंजिन अजून बंदच होतं. पट्टी आत झुकली. बाहेर आली. पुन्हा आत झुकली.

वारा असेल म्हणून मी शटर खाली ओढलं. पट्टी हलतच राहिली. मोजलं, तर मिनिटाला सव्वीस वेळा. तेवढ्यात मागे स्टुलावर काकांना दोनदा ठसका लागला आणि पट्टी दोनदा बाहेर उडाली.

मी कार्बोरेटरचा चोक, म्हणजे त्याच्या तोंडाची झडप, हळूच मिटवली. मागे स्टूल करकरलं. काकांनी टेबलाची कड धरली होती, ओठ काळसर पडले होते. चोक उघडला. त्यांनी भसकन श्वास घेतला.

एका मोजमापावर विसंबायचं नाही, ही आमच्या विभागाची शिस्त. मी ते आणखी दोनदा केलं. याची मला आजही लाज वाटते.

"मेघाताई," काका धापा टाकत म्हणाले, "काय करायलीस गं तिथं?"

"काही नाही काका. बघत होते."

घरी जाताना नगर नाक्यावर सिग्नल सुटला तरी मी तिथंच उभी होते. भीती होतीच, खोटं कशाला बोलू? पण तिच्याहून मोठं काहीतरी छातीत उसळत होतं. चोवीसच्या तोंडातून माणूस सव्वीस वेळा धापा टाकत असेल, तर अठ्ठावीसच्या तोंडातून? डॉक्टरांनी सहा वर्षं औषधं बदलली होती. हवेचं तोंड कोणीच बदललं नव्हतं!

बुधवारी संध्याकाळी कामावरून थेट छावणीत गेले आणि अठ्ठावीसचा बसवायला घेतला. मॅनिफोल्डचं भोक त्याच्यापेक्षा अर्धा मिलिमीटर लहान होतं, आत एक पायरी राहत होती. मी बोटाला पॉलिश पेपर गुंडाळून दोन तास ती पायरी घासली. घासता घासता कानावर पडलं की काकांच्या छातीतली शिट्टी बारीक होत चालली आहे. शेवटचा हात फिरवला आणि ती थांबली. काका बोलता बोलता गप्प झाले, काहीतरी हरवल्यासारखे इकडे तिकडे बघू लागले. मग उठले आणि जिना चढायला लागले.

पाच, सहा, सात. आठ!

चौदाव्या पायरीवर उभे राहून त्यांनी खाली पाहिलं. काकू दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी खाली एकटीच टाळ्या वाजवत होते, बोटाला अजून पॉलिश पेपर, तोंडभर हसू. मग अठ्ठावीसचा बसवून पट्टी टांगली, तर ती मिनिटाला अठरा वेळा झुकत होती.

राहिला फिल्टर. फिल्टर लावला की काकांचा श्वास पुन्हा थोडा जड व्हायचा. उघडा भोंगा लावला की ते चक्क जुनी गाणी गुणगुणायचे. पण उघड्या भोंग्यात धूळ जाते, खडा जातो, काहीही जातं. मी हे बोलून दाखवलं, इंजिनाचं म्हणून. काकांनी भोंग्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"उघडंच राहू दे. इतक्या वर्सांनी छाती भरून वारा यायलाय. त्यात जाळी कशाला?"

म्हणजे त्यांना माहीत होतं.

"काका, मग गाडी बाहेर नको काढायला. इथंच राहू दे."

"खुळी का काय तू?" ते म्हणाले. "सहा वर्सं मी ह्या बाजाराचा धूर खाल्ला. मला घाटावरचा वारा पायजे. तुला न्यावंच लागतंय."

फेरीच्या रविवारी सकाळी मी मोठ्यानं "किक!" ओरडले आणि पहिल्या किकला गाडी लागली. काय आवाज होता तो! पडेगाव, मिटमिटा मागे पडलं. धूळ उडवणारी वाहनं पुढे दिसली की मी थांबायचे, ती लांब जाऊ द्यायचे. दौलताबादच्या किल्ल्याखाली रस्त्याला पेरूवाले बसले होते. तिथं फोन वाजला. काका होते.

"पेरू का गं तिथं? पिकल्याले?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला आणि मी हसतही होते. "हो काका! ढीग लागलेत!"

"लई गोड वास यायलाय," ते म्हणाले. मागे काकू विचारत होत्या, कसला वास, कुठला वास.

घाट गाडीनं असा चढला की बाकीचे वळून बघत राहिले. एकदाही दम टाकला नाही. खुलताबादच्या वर थंड, कोरडा वारा भोंग्यात घुसत होता आणि मी हेल्मेटमध्ये वेड्यासारखी ओरडत होते, घ्या काका, घ्या, पोटभर घ्या! इतकी खूश मी आयुष्यात कधी झाले नसेन.

वेरूळला पार्किंगमध्ये तीसेक गाड्या उभ्या राहिल्या. मी बुलेट कडेला लावली, बंद केली, भोंगा आडबाजूला येईल अशी. चहाची टपरी दहा पावलांवर होती. मी गाडीकडे तोंड करूनच उभी होते. पैसे द्यायला वळले, तेवढंच.

"ताई, तुमचीच का ही?"

पन्नाशीचा एक माणूस बुलेटशेजारी उकिडवा बसला होता. फेरीतच आला होता, छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं, राजकुमार. जाणकार माणसं इंजिनाची ओढ बघायला करतात तेच त्यानं केलं होतं. भोंग्याच्या तोंडावर तळहात सपाट दाबून धरला होता.

"हात काढा!"

"अहो, लई जबरदस्त वढतीय की!" तो कौतुकानं म्हणाला. "बंद हाय तरी वढतीय. कशी काय?"

"हात काढा आधी!"

त्याचं हसू उतरलं. "निघंना."

मी चहा टाकून धावले. त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरून ओढलं. हात हलला नाही. भोंग्याच्या आतून ओढ वाढत होती. पुन्हा. पुन्हा. मग ती कमी व्हायला लागली.

मी गाडीच्या चाकाला पाय लावला आणि मागे झोकून दिलं.

फट् करून हात सुटला.

भोंग्यानं हवा आत घेतली. लांब. घशातून.

फोन वाजत होता.

"मेघा," काकूंचा आवाज कापत होता. "ह्यांना काय झालं बघ गं. बसल्या बसल्या तडफडाया लागले. तोंडच उघडंना."

"आता श्वास घेतायत का काकू? घेतायत का?"

"घेतायत. आत्ताच घेतला. पन तोंडावर काय उठलंय बघ... कुनी दाबून धरल्यावानी. काळं, तेलाचं. जवळ कुनीच नव्हतं गं. मीच होते." त्या थांबल्या. "पंजा हाय. अंगठा आन् तीनच बोटं."

मी वळून पाहिलं. राजकुमार बाजूला उभा राहून हात रुमालाला पुसत होता. माझी नजर पाहून त्यानं तो ओशाळून वर केला.

"मधलं व्हय? कारखान्यात प्रेस मशीनमधी गेलं, ताई. लई वर्सं झाली."