तिसऱ्या उंचवट्याची कडा

व्हरमाँटच्या त्या शुभ्र पर्वतावर नकुल गुडघे टेकून बर्फावर निळ्या रंगाची रेषा फवारीत होता, तोच एक स्नोबोर्ड त्याच्यापुढे येऊन थबकला.

"अजून जाड काढ," हिरव्या हेल्मेटखालून शब्द आले, तेही चक्क मराठीत! थंडीला उद्देशून तो जे पुटपुटत होता, ते तिने ऐकले असावे.

"काढतो. तुम्ही... इथल्याच?"

"तुम्ही? मी काय काकू आहे का? अनिका. एडिसनची."

नकुल मूळचा नागपूरचा, एडिसनसारख्याच न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत नोकरीला. मुलींच्या या स्नोबोर्ड शर्यतीत हौसेने स्वयंसेवक झालेला. चार जणी एकदम सुटत, वळणे नि उंचवटे ओलांडीत खाली झेपावत, आणि त्यांना उड्डाणाची कडा दिसावी म्हणून ही रेषा. गेल्या वर्षी ढगाळ उजेडात याच तिसऱ्या उंचवट्याची कडा अनिकाला दिसली नव्हती. खांद्याचे हाड मोडले. तेव्हापासून प्रत्येक उंचवट्यापाशी तिचा वेग आपोआप मंदावे. आजही तसेच झाले तर बोर्ड कायमचा गॅरेजमध्ये ठेवीन, असे तिने घरी सांगून टाकले होते. हे सारे ती हसत सांगत होती. डोळे मात्र हसत नव्हते...

उपांत्य फेरीत लख्ख ऊन होते. किंचित अडखळत का होईना, ती अंतिम फेरीत पोहोचली.

आणि मग आभाळ उतरले. बर्फ भुरभुरू लागला, आकाश नि उतार एकाच पांढऱ्या रंगात विरघळले, निळी रेषा बुजली. नकुलने फवारा दाबला, तर डबा रिकामा! सकाळी तिच्या शब्दाखातर रेषा जाड काढण्यात त्याने सारा रंग ओतला होता. त्याने रेडिओवरून विनवणी केली. पाच मिनिटे मिळाली.

तो पाइनच्या झाडाकडे धावला. ओंजळभर हिरव्या सुया खुडल्या, हातमोजा काढला आणि आई अंगणात घाली तशी चिमूट धरून कडेवर ओळ सोडीत गेला. बोटे बधिर झाली, पण ओळ तुटली नाही.

वरून चौघी सुटल्या. बर्फाचा धुरळा, फळ्यांची घरघर... अनिका तिसरी होती. कडा आली. ती मंदावली नाही! कडेशी उभ्या नकुलच्या डोक्याहून उंच ती अशी निघाली, की क्षणभर पर्वतानेही श्वास रोखावा. एवढ्याशा देहात हे एवढे आकाश कुठून आले?

खाली तिने हात पुढे करून झेपावत अंतिम रेषा गाठली, दुसरा क्रमांक!

थोड्या वेळाने ती बोर्ड काखेत घेऊन उतार चढत आली.

"रंग संपला?"

"हो. तुझीच कृपा."

"मग ही रांगोळी?"

"आईची बघून बघून... आली हाताला."

तिने त्याची गारठलेली बोटे आपल्या तळव्यांत घेतली.

"खरं सांगू? ती लाइन नसती दिसली, तरी मी स्लो झाले नसते."

"का?"

"तू तिथे उभा होतास ना. म्हटलं, कडा तिथेच असणार."

बर्फ दोघांच्या पापण्यांवर सारखाच उतरत होता.

"पुढची रेस... कुठे?" त्याने विचारले.

"कोलोरॅडो."

"येतो. रंगाचे दोन डबे आणतो."

"डबे नकोत," ती म्हणाली, "पाइन तिथेही आहेत."